वाळूचा ढीग आणि लेखसूची : प्रा. दीपक धर यांच्या संशोधनाचा परिचय

संशोधकाच्या लेखसूचीचा उपयोग दोन प्रकारांनी करता येतो. एक, तीतील लेखांची संख्या मोजावी. दुसरा, ती वाचावी. पहिला मार्ग सोपा असल्यामुळे विद्यापीठीय व्यवहारात तोच अधिक रूढ झाला आहे. २०१० पासून अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकांची पद्धत आली, पीएच.डी.च्या उमेदवाराने प्रबंधापूर्वी लेख प्रसिद्ध केलाच पाहिजे, अशी अट २०१६ च्या नियमावलीत होती, ती २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. या दोन्ही गोष्टींमागे एकच प्रश्न उभा आहे : लेखांची संख्या वाढणे म्हणजे ज्ञान वाढणे होय काय? या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेने देण्यापेक्षा एका प्रत्यक्ष लेखसूचीचे वाचन करून द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी सांख्यिकीय यामिकी व गणितीय भौतिकी या क्षेत्रांत महाराष्ट्रात राहून चार दशकांहून अधिक काळ काम केलेल्या प्रा. दीपक धर यांची सूची आम्ही निवडली आहे. विषय समजण्यास पंढरपूरचे वाळवंट, तेथील बोळ आणि दर्शनबारी यांचे साहाय्य होईल. तेव्हा सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांस तो परका वाटण्याचे कारण नाही.

धर यांचा जन्म १९५१ मध्ये उत्तर प्रदेशातील प्रतापगड येथे झाला. अलाहाबाद विद्यापीठ व कानपूरची भारतीय तंत्रविज्ञान संस्था येथे शिक्षण घेऊन त्यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रविज्ञान संस्थेची पीएच.डी. मिळविली आणि त्याच वर्षी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. २०१६ मध्ये तेथून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत काम चालू ठेवले. २०२२ चे बोल्ट्झमान पदक त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासमवेत देण्यात आले. १९७५ पासून देण्यात येणारे हे पदक सांख्यिकीय भौतिकीतील सर्वोच्च सन्मान मानले जाते, आणि ते मिळविणारे धर हे पहिले भारतीय होत. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

सांख्यिकीय यामिकी म्हणजे काय?

आषाढी एकादशीस पंढरपुरात लक्षावधी माणसे जमतात. त्यांतील कोणता वारकरी कोणत्या क्षणी कोणत्या वाटेने वळेल, हे सांगणे कोणासही शक्य नाही. तथापि महाद्वारात दाटी केव्हा होईल, गर्दी कोठे तुंबेल, हे अनुभवी माणूस बरेच अचूक सांगू शकतो. व्यक्ती अनिश्चित असली तरी समुदाय काही नियम पाळतो. वायूच्या रेणूंचेही असेच आहे. एकेका रेणूचा मार्ग सांगता येत नाही. परंतु दाब आणि तापमान मोजता येतात व त्यांतील संबंध नियमबद्ध असतात. एकेकाच्या वर्तनाच्या साध्या नियमांतून समुदायाच्या वर्तनाचे नियम कसे निष्पन्न होतात, याचे गणिती विवेचन म्हणजे सांख्यिकीय यामिकी होय. पाणी गोठणे, लोखंडाचे चुंबकत्व तापवल्यावर नाहीसे होणे, हे या शास्त्राचे जुने विषय.

या शास्त्रात अडचण अशी की, नियम लिहिणे सोपे असले तरी त्यांतून उत्तर काढणे बहुधा अशक्यप्राय ठरते. म्हणून संशोधक अशी प्रारूपे शोधतात की, जी निसर्गाच्या पुरेशी जवळ आहेत आणि तरीही ज्यांचे उत्तर अंदाजाविना, तंतोतंत काढता येते. धर यांच्या सूचीतील लेखांची शीर्षके पाहिली तर ‘यथातथ्य उत्तर’ या अर्थाचा शब्दप्रयोग पुनःपुन्हा आढळतो. तोच या सूचीचा स्थायीभाव म्हणावयास हरकत नाही.

आरंभीचे लेख : अपूर्णांकी मितीची जालके

१९७७ मध्ये, विद्यार्थिदशेतच, धर यांचा एक लेख गणितीय भौतिकीच्या नियतकालिकात आला. रेषेला एक मिती, प्रतलाला दोन, अवकाशाला तीन. मग दीड मितीचे जालक असू शकेल काय? त्यांनी एक रचना दिली. ज्यातील प्रत्येक बिंदूतून तीन रेघा निघतात असे जालक घ्यावे आणि प्रत्येक बिंदूच्या जागी तीन बिंदूंचा लहान त्रिकोण ठेवावा. नव्या बिंदूंवर तीच क्रिया पुन्हा करावी, व असे करीत जावे. या जालकाच्या कंपनांचा विचार केला असता त्याची परिणामी मिती सुमारे १.३६५ येते, म्हणजे ती एक व दोन यांच्या दरम्यान असते. पुढील वर्षी, १९७८ मध्ये, अशाच जालकांवर ‘स्वतःचा मार्ग न ओलांडणारी भ्रमंती’ हा कठीण प्रश्न त्यांनी यथातथ्य सोडवून दाखविला. अशा आकृत्यांची चर्चा जगभर गाजू लागली ती त्यानंतर काही वर्षांनी.

रांगोळीच्या ठिपक्यांवरील मोजणी

१९८२ मधील लेखांचा विषय सांगण्यास रांगोळीचे ठिपके पुरेत. चौरस मांडलेल्या ठिपक्यांपैकी एक आरंभबिंदू म्हणून निवडावा. रंगविलेल्या ठिपक्याच्या लगत उजवीकडे अथवा लगत वर असलेला ठिपकाच काय तो नव्याने रंगविता येईल, असा नियम घालावा. तर एकूण अमुक ठिपके रंगवून किती निरनिराळ्या आकृती होतील? एक ठिपका असता एक, दोन असता दोन, तीन असता पाच, चार असता तेरा, पाच असता पस्तीस, सहा असता शहाण्णव. वाचकांनी पहिल्या तीन संख्या कागदावर पडताळून पाहाव्यात. या आकृतींना शास्त्रात ‘दिष्ट प्राणी’ असे गमतीचे नाव आहे. एम. के. फणी व मुस्तनसिर बर्मा यांच्यासह धर यांनी प्रथम अशी मोजदाद करून तीवरून सूत्राचा अंदाज बांधला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात त्यांनी दाखविले की, हा मोजणीचा प्रश्न आणि रॉडनी बॅक्स्टर यांच्या ‘कठीण चौरसांच्या वायू’चा प्रश्न मुळात एकच आहेत. १९८३ मध्ये त्रिमितीतील एका जालकावरील प्रश्नही याच युक्तीने सुटला. तेथे बॅक्स्टर यांचे १९८० मधील षट्कोनी वायूचे उत्तर कामी आले.

येथे शिकण्याजोगी गोष्ट ही की, नवे उत्तर मिळविण्यास प्रत्येक वेळी नवे गणित निर्माण करावे लागत नाही. दोन दूरच्या प्रश्नांतील नाते ओळखता आले, तर एकाचे उत्तर दुसऱ्यास मिळते. मात्र त्यासाठी दोन्ही प्रश्न मनात दीर्घकाळ बाळगलेले असावे लागतात.

बोळ आणि बारी

१९८३ मधील बर्मा व धर यांचा लेख आमच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. गावात कित्येक बोळ पुढे बंद असतात. समजा, गर्दीतील प्रत्येकास एकाच दिशेने जावयाचे आहे आणि त्या दिशेची ओढ हळूहळू वाढत आहे. आरंभी ओढ वाढली की वेगही वाढेल. परंतु बंद बोळात शिरलेल्यास बाहेर पडण्यास ओढीच्या विरुद्ध दिशेने परतावे लागते. ओढ जितकी तीव्र व बोळ जितका लांब, तितके परतणे दुष्कर. लांब बोळ विरळ असतात हे खरे. पण त्यांतून सुटण्याचा काळ लांबीनुसार इतक्या झपाट्याने वाढतो की, ओढीने विशिष्ट मर्यादा ओलांडल्यावर सरासरी अडकण्याचा काळ अनंत होतो आणि समुदायाचा वेग शून्यावर येतो. जोर वाढविल्याने गती थांबते, असा हा निष्कर्ष आहे. सच्छिद्र, अव्यवस्थित पदार्थातील कणांच्या वहनास तो लागू पडतो.

१९८७ च्या एका लेखात पृष्ठभागाच्या वाढीचा विचार आहे. त्याचे मर्म दर्शनबारीवरून समजते. बारीत पुढची जागा मोकळी झाली तरच मनुष्य एक पाऊल पुढे सरकतो. ओलांडून जाता येत नाही. माणसे पुढे जातात व मोकळ्या जागा मागे मागे सरकतात. बारी अगदी विरळ असेल तर पुढे जाणारे थोडे, अगदी दाट असेल तर सरकण्यास जागा नाही. म्हणून प्रवाह सर्वाधिक होतो तो निम्म्या जागा भरलेल्या असताना. हे प्रारूप १९६८ मध्ये जीवपेशीतील प्रथिननिर्मितीच्या संदर्भात मांडले गेले होते. आता भरलेली जागा म्हणजे उतार व मोकळी जागा म्हणजे चढ असे मानून रेघ काढली की, तीच बारी एखाद्या वाढत्या पृष्ठभागाचा छेद बनते. वर्तुळाकार बारीतील अव्यवस्था स्थिरावण्यास लागणारा काळ लांबीच्या दीड-घाताप्रमाणे वाढतो, असे धर यांनी प्रतिपादिले. म्हणजे बारी चौपट केली तर काळ आठपट होतो. साध्या विसरणात तो सोळापट झाला असता.

वाळूचा ढीग

आता सूचीतील सर्वाधिक प्रसिद्ध भागाकडे वळू. चंद्रभागेच्या वाळवंटात कोरड्या वाळूची मूठ हळूहळू सोडली असता शंकू तयार होतो. त्याचा उतार वाढत वाढत एका मर्यादेस पोहोचतो. नंतर पडणाऱ्या कणाने कधी काहीच होत नाही, कधी चार कण घसरतात, तर कधी एक संपूर्ण बाजू ढासळते. उतार मात्र त्या मर्यादेच्या आसपासच राहतो. १९८७ मध्ये पेर बाक, चाओ तांग व कर्ट वीझेनफेल्ड यांनी या अवस्थेस ‘स्वयंसंघटित क्रांतिकता’ असे नाव देऊन तिचे एक प्रारूप संगणकावर चालविले. पाणी उकळण्याच्या उंबरठ्यावर नेण्यास तापमान बाहेरून जुळवावे लागते. वाळूचा ढीग उंबरठ्यावर आपण होऊन येतो, हे त्यातील नावीन्य. भूकंपासारख्या घटनांतही लहान धक्के पुष्कळ व मोठे विरळ, पण सर्व आकारांचे असतात. त्यांचे मूळ येथे सापडेल अशी आशा निर्माण झाली. तथापि संगणकाने आकडे मिळत होते, त्यांमागील कारण हाती आले नव्हते.

प्रारूप असे : चौकटींच्या पटावर एकेक कण टाकावयाचा. एखाद्या चौकटीत चार कण झाले की ती ढासळते व चारही शेजाऱ्यांस एकेक कण देते. पटाच्या कडेवरील कण बाहेर जातात. १९८९ मध्ये धर व रामकृष्ण रामस्वामी यांनी कण एकाच दिशेने उतरणाऱ्या प्रकाराचे यथातथ्य उत्तर दिले. तेथे कोसळीच्या दोन्ही कडा म्हणजे दोन स्वैर भ्रमण करणारे प्रवासी असून त्यांची भेट झाली की कोसळ संपते. १९९० मध्ये धर यांनी मूळ प्रारूपाची गुरुकिल्ली शोधली.

ती किल्ली वरकरणी अगदी साधी आहे. एकाच वेळी दोन चौकटी ढासळण्याजोग्या असल्या तर आधी कोणती ढासळावी? धर यांनी दाखविले की, क्रम कोणताही घ्या, अंतिम स्थिती एकच येते. कारण एक चौकट ढासळल्याने दुसरीतील कण कमी होत नाहीत. ती ढासळावयाची ती ढासळतेच. वाण्याने वहीतील रकमांची बेरीज वरून खाली केली काय किंवा खालून वर केली काय, बेरीज तीच. गणितात या क्रमनिरपेक्षतेस नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञाचे नाव आहे, म्हणून या प्रारूपास ‘आबेली वाळूढीग’ म्हणतात. या एका गुणधर्मावरून असे निष्पन्न होते की, ज्या स्थिती दीर्घकाळानंतरही पुनःपुन्हा येतात त्या सर्वांची संभाव्यता सारखीच असते, आणि त्यांची संख्या एका निर्धारकाइतकी असते.

हे विधान केवळ चार चौकटींच्या, दोन गुणिले दोन अशा पटावर हाताने पडताळता येते. प्रत्येक चौकटीत शून्य ते तीन कण. म्हणून एकूण स्थिर स्थिती २५६. परंतु लगतच्या दोन चौकटी एकदम रिकाम्या, अशी स्थिती एकदा मोडली की पुन्हा येऊ शकत नाही; कारण एक चौकट ढासळून रिकामी होताना शेजारणीस एक कण देतेच. त्याच न्यायाने, समोरासमोरील दोन कोपरे रिकामे व त्यांच्यामधील एखाद्या चौकटीत एकच कण, अशी स्थिती वर्ज्य. तसेच कोणत्याही चौकटीत एकाहून अधिक कण नाहीत, अशीही वर्ज्य. आता मोजू. एकही चौकट रिकामी नाही अशा ८१ स्थितींतून सर्वत्र एकेक कण असलेली एक वगळली की ८० उरतात. एकच चौकट रिकामी अशा १०८. त्यांतून उरलेल्या तिन्हींत एकेक कण असलेल्या ४ वगळल्या की १०४. समोरासमोरील दोन रिकाम्या व इतर दोहोंत दोन किंवा तीन कण, अशा ८. बेरीज १९२. इकडे या पटाच्या आव्यूहाच्या कर्णावर ४, लगतच्या जोड्यांच्या स्थानी उणे १ व अन्यत्र ० मांडले असता त्याची लक्षणमूल्ये २, ४, ४ व ६ येतात. त्यांचा गुणाकार, म्हणजेच निर्धारक, १९२. दोन्ही मार्ग एकाच संख्येस पोहोचतात.

मोठ्या पटावर एखादी स्थिती पुनरावर्ती आहे की वर्ज्य, हे ठरविण्यास धर यांनी ‘ज्वलन-कसोटी’ दिली. बाहेरून आग लागली अशी कल्पना करावी. ज्या चौकटीतील कण तिच्या न जळालेल्या शेजाऱ्यांच्या संख्येइतके किंवा अधिक असतील ती जळते. सर्व पट जळाला तर स्थिती पुनरावर्ती. काही भाग उरला तर वर्ज्य. आग ज्या मार्गाने पसरते तो मार्ग म्हणजे सर्व चौकटींस जोडणारा, कोठेही वेढा नसलेला वृक्ष होय. अशा वृक्षांची संख्या निर्धारकाने मोजण्याचे सूत्र किर्खोफ यांनी विजेच्या मंडलांच्या संदर्भात १८४७ मध्येच दिले होते. अशा रीतीने वाळूचा ढीग, विजेचे जाळे व चुंबकत्वाची प्रारूपे यांचा संबंध जुळला. धर व त्यांचे विद्यार्थी सत्य मजुमदार यांनी १९९१ मध्ये सिद्ध केले की, अमर्याद पटावर एखादी चौकट रिकामी असण्याची संभाव्यता सुमारे ०.०७३६ आहे, आणि तिच्या यथातथ्य सूत्रात वर्तुळाचा ‘पाय’ येतो. चौकोनी पटावरील कणांच्या मोजणीत वर्तुळाचा स्थिरांक यावा, हे पाहून कोणाही गणितप्रेमी वाचकास आनंद व्हावा.

प्रारूपाच्या मर्यादा

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. हे प्रारूप म्हणजे वाळवंटातील खरी वाळू नव्हे. घसरणाऱ्या कणास वेग असतो, तो पुढच्या कणांस धक्का देतो. ओलाव्याने कण एकमेकांस चिकटतात. १९९६ मध्ये ऑस्लो येथे तांदळाच्या ढिगांवर केलेल्या प्रयोगांत लांबट दाण्यांच्या कोसळी अपेक्षित नियमाप्रमाणे आढळल्या. वाटोळ्या दाण्यांच्या आढळल्या नाहीत. शिवाय मूळ प्रारूपातील कोसळींच्या आकारांचे वितरण यथातथ्य काढण्याचा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही. प्रारूपाचे महत्त्व ते निसर्गाचे चित्र हुबेहूब काढते यात नसून, साध्या स्थानिक नियमांतून एवढी गुंतागुंत उद्भवू शकते हे निःसंशय सिद्ध करते, यात आहे.

सूचीपासून बोध

पुढील दशकांतही सूची याच सूत्राने चालते. १९९६ मध्ये भ्रमण करताना आपल्या वाटेवरील बाण फिरवीत जाणाऱ्या प्रवाशाचे प्रारूप, १९९७ मध्ये चुंबकांच्या मागे रेंगाळण्याच्या वृत्तीचे विवेचन, २००७ पासून पटावर दाटीने ठेवलेल्या लांब काड्यांच्या दिशाबद्धतेचा विचार, २००९ मध्ये एकाच ठिकाणी कण टाकीत गेल्यास उमटणाऱ्या नक्षीचा अभ्यास, हे त्यांपैकी काही टप्पे होत. १९८७ मध्ये इतरांनी मांडलेल्या प्रश्नाकडे धर बावीस वर्षांनंतरही परत येतात, आणि प्रत्येक वेळी त्याची निराळी बाजू उजळते.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, या सूचीतील सर्वांत प्रभावी लेख आकाराने लहान आहेत. १९९० चा लेख चार पृष्ठांच्या पत्ररूप निबंधांच्या नियतकालिकात आला. दुसरी, त्यांतील अनेक निष्कर्षांचा आरंभ कागद-पेन्सिलीने करण्याजोग्या मोजणीत आहे; महागडी प्रयोगशाळा हे त्यांचे साधन नव्हे. तिसरी, लेखामागून लेख निघतो तो संख्या भरण्यासाठी नव्हे, तर आधीच्या लेखात एक प्रश्न उरलेला असतो म्हणून.

संख्येच्या मागे लागलेल्या पद्धतीत हाच उरलेला प्रश्न प्रथम हरवतो. १९८२ ची पहिली मोजदाद, तीवरून बांधलेला अंदाज आणि त्याची उपपत्ती यांना गुणपत्रकात केवळ ‘दोन लेख’ म्हणून स्थान मिळेल. त्या दोहोंमधील अंतर कापण्यास जे चिंतन लागले, त्यास रकाना नाही. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची समजूत पुष्कळदा अशी करून दिली जाते की, मूलभूत संशोधन हे दूरच्या संस्थांचे काम होय. त्यास आमचे सांगणे एवढेच की, वर दिलेला चार चौकटींचा पट आज काढून पाहावा. नंतर नऊ चौकटींचा काढावा : स्थिर स्थिती २,६२,१४४, त्यांपैकी पुनरावर्ती किती? निर्धारकाने उत्तर येईल. ज्वलन-कसोटीने काही स्थिती तपासून पाहता येतील. एवढे केल्यावर त्याच्या मनात पुढचा प्रश्न आपोआप उभा राहील, आणि कोणत्याही खऱ्या लेखसूचीतील पहिली नोंद अशाच प्रश्नापासून सुरू होत असते.